डांबरगोळ्या आणि आजोळचा वारसा

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश उत्तरेला, म्हणून आमच्या ऑफिसच्या परिसराचं नाव वन-नॉर्थ. इथलं बायोपोलिस २००३ मध्ये सुरू झालं. इमारतींची नावं क्रोमोस, जीनोम, प्रोटिओस. मी इंजिनीअर, माझं काम सेन्सरचं. रोज क्रोमोसवरून जाताना गुणसूत्रांशी आपला कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. मुलगा झाला आणि आला.

जन्मताच नाळेतल्या रक्ताची तपासणी झाली. नर्सने सांगितलं, बाळाला जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी आहे. आणि काय टाळायचं याचा कागद दिला. त्यात ठळक अक्षरांत नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्या! माझी आई आदल्याच आठवड्यात पुण्याहून आली होती, आणि माझी तीस वर्षं जपलेली झबली-दुपटी तिने आणली होती. अर्थातच डांबरगोळ्या घालून. नवरा टॅक्सी करून घरी धावला. ती बॅग काही उघडली गेली नव्हती, नशीब.

हे एन्झाइम तांबड्या पेशींचं रक्षण करतं. ते कमी असलं तर काही औषधं, नॅफ्थलीन, फावा बीन्स अशा गोष्टींनी पेशी फुटतात. नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत पोचली तर मूल दगावतं, नाहीतर बहिरेपणा किंवा मेंदूची कायमची इजा मागे राहते. या खोटीचा पत्ता लागला तो मलेरियाच्या औषधामुळे. अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्वीनचे प्रयोग चालले होते. काहींचं रक्त त्या गोळ्यांनी फुटायचं. कारण हे एन्झाइम, हे १९५६ मध्ये कळलं. मुंबईच्या पारशी समाजातल्या या खोटीचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापुरात वोंग हॉक बून या बालरोगतज्ज्ञांनी बाळांच्या जीवघेण्या काविळीशी तिचा संबंध दाखवला, आणि १९६५ पासून इथे नवजात बाळांची तपासणी सुरू झाली. देश स्वतंत्र झाला तेच वर्ष, बरं का!

इकडे फोनवर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं हो कुणाला." शास्त्र त्यांच्याच बाजूचं होतं. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बाप मुलाला वाय देतो, एक्स देतच नाही. म्हणजे मुलाला ही खोट येते ती आईकडूनच. माझ्या आईचा चेहरा उतरला. संध्याकाळी हळूच म्हणाली, "अगं, दादाला मलेरियाच्या गोळ्यांनी काळी लघवी झाली होती. कावीळ म्हणून सोडून दिलं आम्ही." दादा म्हणजे माझा मामा. आजीकडून मामाला, आजीकडूनच आईला, आईकडून मला, माझ्याकडून बाळाला.

आजी, आई, मी, तिघींना कधी काही झालं नाही. त्याचंही उत्तर इतिहासात आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स झोपी जातो, असं मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट ब्यूटलर यांनी याच एन्झाइमच्या आधारे दाखवलं की अशा बाईच्या रक्तात दोन्ही तऱ्हेच्या तांबड्या पेशी असतात. बहुतेकींचं त्यावर भागतं. मुलाकडे मात्र एकच एक्स, दुसरा सावरायला नाही. माझ्या दोनांपैकी कुठला त्याच्या वाट्याला यावा, हा निव्वळ छापा-काटा. दोष कुणाचा? कुणाचाच नाही. आईला हे पटायला दोन दिवस लागले.

असो. आमच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत आहे, बारा पिढ्यांचा. सगळी नावं बापाकडून मुलाकडे गेलेली. या जनुकाची वाट त्यात शोधून सापडणार नाही, कारण दर पिढीला ती लग्न होऊन दुसऱ्या आडनावात जाते. शेवटी आईने वहीच्या पाठच्या पानावर स्वतःच यादी केली: तिच्या दोन बहिणी, त्यांच्या मुली, मामाची मुलगी. (मामाच्या मुलीला तो एक्स मिळालेलाच, तिथे छापा-काटाही नाही.) पाच घरं, पाच आडनावं. तिने एकेकीला फोन केला: मुलगा झाला तर ही तपासणी करून घ्या, मलेरिया झाला तर प्रायमाक्वीनच्या आधी डॉक्टरांना सांगा.

आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, "कपाटातल्या डांबरगोळ्या आजच टाक बाई."