शेवटच्या पाण्यानंतर

बाळाचे लंगोट धुणं हा काही इतिहासाचा विषय वाटत नाही. विसळायचे, साबण लावायचा, खळबळायचे, पिळायचे, उन्हात टाकायचे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे काम केलं आणि त्याची कुठे नोंद झाली नाही. वैद्यकाच्या नियतकालिकांत मात्र लंगोट अधूनमधून डोकावतो, आणि तोही एखादं कोडं होऊन. यातली काही कोडी आपण ओळीने पाहू. सगळ्यांत एक धागा समान आहे. तो कोणता, हे वाचता वाचता शोधायचा प्रयत्न करा.

निळी पडलेली बाळं

१८८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रेनर नावाच्या डॉक्टरांचं एक टिपण छापून आलं. काही नवजात बाळं एकाएकी निळसर पडली होती. मूळ कारण सापडलं ते लंगोटांवर. त्यांवर संस्थेच्या नावाचा शिक्का मारलेला होता आणि शिक्क्याची शाई अ‍ॅनिलीनची होती. लंगोट ओला झाला की अ‍ॅनिलीन त्वचेतून रक्तात उतरे. तिथे हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होई आणि असं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. म्हणून बाळ निळं दिसे. अशा घटना पुढेही अनेक ठिकाणी घडल्या. शिक्का मारल्यावर कापड आधी उकळून घेतलं तर हा त्रास होत नाही, हेही त्यांतूनच कळलं.

वासाचा माग

रात्रभर ओल्या राहिलेल्या लंगोटाला सकाळी डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. तो अमोनियाचा. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातले बालरोगतज्ज्ञ जीन कुक यांनी १९२१ साली याचा खुलासा केला. शौचातले काही जीवाणू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. लंगोटाच्या जागी त्वचा लाल होते, सोलवटते, तीही या अमोनियामुळेच, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग उपाय सरळ होता. जीवाणू मारायचे. त्यासाठी धुतलेले लंगोट अखेरीस मर्क्युरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बुडवून वाळवायचे. पारा कापडातच राही, जीवाणू वाढत नसत, वासही येत नसे. उपाय लागू पडला असंच सर्वांना वाटलं.

त्या काळात लहान मुलांना एक चमत्कारिक आजार होत असे. तळहात-तळपाय गुलाबी होत, कातडी सोलली जाई, मूल चिडचिडं होई, झोपत नसे. याला ‘गुलाबी रोग’ म्हणत. १९४८ साली वॉरकनी आणि हबर्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा सापडल्याचं दाखवलं. दात येताना मुलांना दिल्या जाणाऱ्या पुडींमध्ये पारा असे, तो याचा मोठा स्रोत होता. पाऱ्याच्या पाण्यातून काढलेले लंगोट हाही एक मार्ग होता.

पुन्हा तेच

१९६७ साली त्याच सेंट लुई शहरात एका संस्थेतल्या नवजात बाळांना भरमसाट घाम येऊ लागला, ताप चढू लागला, श्वास जलद झाला. नऊ बाळं गंभीर आजारी झाली, त्यांतली दोन दगावली. काही बाळांचं रक्त बदलावं लागलं. शोध घेतल्यावर कळलं, की धुलाईच्या शेवटी कपड्यांतला सोड्याचा अंश मारण्यासाठी जी पूड वापरत, तिच्यात सोडियम पेंटाक्लोरोफेनेट हे जंतुनाशक होतं. या रसायनामुळे पेशींना अन्नातून मिळणारी ऊर्जा वापरता येत नाही. ती नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. घाम आणि ताप यांचं कारण हेच.

आणि १९८० साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरिस शहरात हजारो बाळांच्या लंगोटांत पुन्हा पारा आला. लंगोट धुऊन देणाऱ्या एका व्यवसायात बुरशी लागू नये म्हणून फेनिल मर्क्युरीचं संयुग वापरलं गेलं होतं. तिथेही काही बाळांना गुलाबी रोग झाला. लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी घातली की पारा त्वचेतून जास्त उतरे. वापर थांबवल्यावर बाळांच्या लघवीतलं पाऱ्याचं प्रमाण उतरत गेलं.

अमोनिया खरा दोषी होता का?

ज्या कारणासाठी पारा वापरला, ते कारण तरी बरोबर होतं का? १९७७ साली लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचा लाल झालेली बाळं आणि निरोगी बाळं यांची तुलना केली. दोन्ही गटांत अमोनिया आणि तो तयार करणारे जीवाणू सारखेच निघाले. धडधाकट त्वचेवर अमोनियाचा परिणामही होत नव्हता. आधीच खरचटलेल्या त्वचेवर मात्र होत होता. १९८६ साली बकिंगहॅम आणि बर्ग यांनी पुढचा दुवा जोडला. अमोनियामुळे ओलावा आम्लारिधर्मी होतो आणि अशा ओलाव्यात शौचातली विकरं अधिक जोमाने काम करतात. प्रथिनं आणि मेद पचवणारी ही विकरं त्वचेवरच काम करू लागतात. म्हणजे अमोनिया साथीदार होता, मुख्य गुन्हेगार नव्हता. लंगोट लगेच बदलणं आणि त्वचा कोरडी ठेवणं हा साधा उपाय पाऱ्यापेक्षा कितीतरी बरा होता.

समान धागा

शिक्का, पारा, ती पूड, बुरशीनाशक. या सगळ्या गोष्टी कापडात आल्या त्या धुण्याच्या अगदी शेवटी किंवा धुणं संपल्यावर. त्यानंतर कापड साध्या पाण्यातून निघालंच नाही. जे घातलं ते बाळाच्या अंगाशी गेलं. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे थोडंसं रसायनही त्याला पुष्कळ होतं.

आपल्याकडे लंगोट-दुपटी जुन्या लुगड्यांची, धोतरांची करत. कापड मऊ असतं हे त्याचं कारण सांगतात. पण शेकडो वेळा धुतलेल्या कापडात खळ आणि सुटणारा रंगही उरलेला नसतो, हा फायदा आपण सहसा मोजत नाही. उलट तेच कापड पुढच्या बाळासाठी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं, तर वरच्या यादीत आणखी एक भर पडते. गोळ्यांतलं नॅफ्थलीन कापडात मुरतं. जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ग्रीसमधल्या अशा बाळांची नोंद १९६३ साली झाली आहे. हा दोष भारतातही आढळतो. तेव्हा बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत.

वर्गात करून पाहा

पिळलेल्या कापडात १०० मिलिलिटर साबणाचं पाणी उरलं आहे असं धरू. जवळ १८०० मिलिलिटर स्वच्छ पाणी आहे. ते सगळं एकदम घेतलं, तर पिळल्यावर कापडात साबणाचा १/१९ भाग उरेल. तेच पाणी ९००-९०० असं दोनदा वापरलं, तर उरेल १/१००. तीनदा ६००-६०० वापरलं तर? मुलांना काढू द्या. पाणी तेवढंच, फरक केवळ वाटणीचा. टंचाईच्या गावात हे गणित फार मोलाचं आहे.

हे गणित हळदीच्या कागदाने तपासता येतं. गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. साबणाच्या पाण्याने तो लालसर होतो. आधी नुसतं नळाचं किंवा विहिरीचं पाणी लावून पाहा, मग प्रत्येक खळबळीचं. कितव्या पाण्याला कागद पिवळाच राहतो, ते मुलांनी नोंदवावं. आणि घरी जाऊन विचारावं, की बाळाचे कपडे आपल्याकडे किती पाण्यांतून काढतात आणि शेवटच्या पाण्यानंतर त्यांत काय घालतात. आम्हाला वाटतं, नोंद न झालेल्या इतिहासाचं एखादं पान या उत्तरांतूनच लिहिलं जाईल.