फटीतली हवा : प्रस्तावना

टेंभुर्णीच्या चौकात तासभर उभे राहिले, तर माल बांधण्याच्या निम्म्या शास्त्राची उजळणी होते. उसाची ट्रॉली जाते : मोळ्या एकमेकींत रुतलेल्या, वरून दोर, बाकी भरवसा देवावर. साखरेचा ट्रक जातो : ५० किलोची पोती विटांच्या भिंतीसारखी सांधे मोडून रचलेली, वर ताडपत्री, मागे फाळका. मग कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी घेऊन एक शीत कंटेनर पुण्याच्या रस्त्याला लागतो. दाराला सील ठोकले, की न्हावाशेवा ओलांडून आखातात उतरेपर्यंत आत काय चालले आहे ते कुणाला दिसत नाही. हे पुस्तक त्या आतल्या जागेविषयी आहे. नेमके सांगायचे तर मालामालांत उरलेल्या फटीविषयी, आणि ती बुजवणाऱ्या हवेच्या पिशवीविषयी.

या पिशवीला गोदामात सगळे ‘एअर बॅग’ म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. मोटारीच्या स्टिअरिंगमधून बाहेर येणाऱ्या बॅगेशी तिची गल्लत करू नये : ती अपघात झाल्यावर फुगते, ही गाडी निघण्याआधी फुगवतात.

आधी फटीचा हिशोब. साध्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर. एक पॅलेट आडवे, एक उभे ठेवले, म्हणजे १.२ अधिक १ मीटर, की २.२ मीटर भरतात. उरतात १५ सेंटिमीटर, वीतभरही नाहीत. पण टनभराचे पॅलेट एवढे सरकले, की थांबताना ते ठोकरच देते, आणि पुढच्या वळणाला उलट बाजूने पुन्हा देते. गच्च बसलेला माल ढकलतो. मोकळा माल आदळतो. नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात होते.

ढकलण्याचा जोर किती धरावा, याचे आकडे ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ साली कंटेनर भरण्याची आचारसंहिता काढली. तिच्या हिशोबाने रस्त्यावर ब्रेकच्या वेळी मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे लागतो, वळणावर ०.५ पट बाजूला. खवळलेल्या समुद्रात बाजूचाच जोर ०.८ पटीपर्यंत जातो. २० टन माल असेल तर हा १६ टनांचा धक्का झाला. तळाचे घर्षण त्यातला काही भाग खाते. उरलेला दोर, पट्टे, पाचरी, कंटेनरच्या भिंती आणि या बॅगा यांनी वाटून घ्यायचा असतो.

बॅगेची रचना साधी आहे. आत हवा धरणारी प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर जाड क्राफ्ट कागदाचे थर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे विणलेले कापड. खताची गोणी ज्या कापडाची असते, तेच हे. कापड ताण घेते, प्लॅस्टिक हवा कोंडते. बॅग रिकामी असताना फटीत सोडायची, तळाला टेकू द्यायची नाही, खिळा किंवा पट्टीची धार लागत नाही ना ते हाताने चाचपायचे, आणि कॉम्प्रेसरच्या नळीने मीटर बघत फुगवायची. दाराशी ती कधीच लावायची नाही. दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर सगळा जोर येतो.

खरी गंमत दाबात आहे. ०.२ बार म्हणजे मोटारीच्या टायरच्या दहाव्या हिश्शाइतकाही दाब नाही. पण एक चौरस मीटर टेकलेल्या बॅगेला तोच दाब दोन टनांचा जोर देतो. म्हणून लोखंडी पिंपे, कागदाचे रीळ, मोठी यंत्रे यांच्यासाठी ही बॅग अव्वल. मात्र जोर टेकलेल्या जागेवर अवलंबून असतो. फट फुटाच्या पुढे गेली, की बॅग लोडासारखी गोल होते, नुसती मधल्या पट्ट्यात टेकते आणि जोर पार घटतो. मोठ्या फटीला मोठी बॅग हा सर्रास दिसणारा उपाय त्यामुळे चुकीचा आहे. तिथे आधी लाकडी चौकट घालून फट लहान करावी.

आता केळी. खोक्याची एक बाजू ४० बाय २५ सेंटिमीटर धरली, तर ०.२ बारला तिच्यावर सुमारे २०० किलोचा जोर येतो. पुठ्ठ्याचे बळ कोपऱ्यांत असते, मधल्या भागात नसते. बाजू आत गेली, की घड दबतो, आणि त्या दिवशी न दिसलेला काळा डाग महिन्याने दुसऱ्या देशात दिसतो. शिवाय खोक्याची भोके बॅगेखाली झाकली, तर गार हवा अडते. दाब कमी ठेवावा, तर दुसरी अडचण येते, आणि ती खास आपल्या भागाची आहे.

टेंभुर्णी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर. इथे बाहेरच्या हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मे महिन्यातल्या दुपारी, ४० अंशांत, बॅग २० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे ०.२ बारपर्यंत फुगवली, तर आत एकूण ११५ झाले. गाडी बोरघाट उतरून बंदरात पोहोचते, तिथे बाहेरचा दाब १०१. बॅगेतून हवेचा कणही निसटला नसताना तिचा जोर २० वरून १४ वर आला. केळीचा कंटेनर १३-१४ अंशांवर ठेवतात. आतली हवा आकसते, एकूण दाब १०५ वर येतो, आणि जोर उरतो जेमतेम चार. प्रत्यक्षात बॅगेचा आकार थोडा बदलतो, म्हणून आकडे असेच तंतोतंत येणार नाहीत; दिशा मात्र हीच. टेंभुर्णीत टणक वाटलेली बॅग न्हावाशेव्याला उशी झालेली असते. माझ्या मते शीत कंटेनरमधल्या केळीला एअर बॅग हा शेवटचा उपाय. घट्ट रचणी, कोपऱ्यांना आधारपट्ट्या आणि आवळलेले पॅलेट हे पहिले. ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एअर बॅग आहे, त्यात हे वाचून कुणी चक्रावेल, पण साधनाची मर्यादा लपवून त्याची ओळख करून देता येत नाही.

या मुलखाला अशा विद्येची जुनी ओळख आहे, हेही नमूद करतो. जवळच्या कुर्डुवाडीहून बार्शीकडे १८९७ साली जी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली, तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. डब्याचे वजन कमी आणि मालाचे जास्त, हा त्याचा ध्यास. पुढे याच माणसाने ‘गार्डियन एंजल’ नावाचे हवाई छत्र बनवले. लोखंडापासून निघून तो कापड आणि हवेपर्यंत पोहोचला. त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध नाही, पण मला तो सांगितल्यावाचून राहवले नाही.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर अभियंता कमी आणि माल भरणारा जास्त होता. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तेव्हा पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीची आणि कल्याणाची व्यवस्था कागदावर आली. त्याच्या ज्ञानाची नोंद मात्र मराठीत फारशी झाली नाही. बॅगांवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात, आणि मीटर बघायला सांगणारी ओळ ज्याने वाचायची, त्याला ती वाचता येत नाही. म्हणून पहिल्या प्रकरणात सूत्रे नाहीत. हात आणि डोळे कुठे ठेवायचे एवढेच आहे. गणित तिसऱ्या प्रकरणापासून सुरू होते. ज्यांना ते नको, त्यांनी खुशाल गाळावे.

परिभाषेबाबत एक विनंती. थप्पी, पाचर, फाळका, आवळण हे शब्द मी ऐकले तसे घेतले आहेत. दोन थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेला मी ‘फट’ म्हटले आहे, कारण याहून नेमका शब्द मला मिळाला नाही. आपल्या गोदामात, बाजार समितीत किंवा बंदरात तिला दुसरे काही म्हणत असतील, तर जरूर कळवावे. पुढच्या आवृत्तीत तो शब्द घालीन.