कृषिपंपांची मोफत वीज (महाराष्ट्र)

शेतीपंपांच्या वीजबिलाचा भार शासनाने उचलण्याचे धोरण. सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी ही सवलत जाहीर केली. निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपदी आलेले विलासराव देशमुख हे लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे, म्हणजे कोरडवाहू मराठवाड्याचेच, परंतु त्यांच्या सरकारने २००५ मध्ये ती मागे घेतली. पुढे २०२४ च्या निवडणुकीआधी ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ आली आणि ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही सवलत मिळाली. निवडणूक आणि घोषणा यांचे हे सान्निध्य योगायोगाचे मानणे कठीण आहे.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६५ नुसार अशा सवलतीची रक्कम राज्याने वितरण कंपनीला आगाऊ द्यावयाची असते. याखेरीज उद्योग व व्यापारी ग्राहकांकडून जादा दर घेऊन शेतीचा दर कमी ठेवला जातो, त्यास क्रॉस सबसिडी म्हणतात. मीटर नसलेल्या पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत असल्याने प्रत्यक्ष वापर किती, हा प्रश्न कायम वादग्रस्त राहतो.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या उदारमतवादी मांडणीत भर अनुदानापेक्षा शेतमालाच्या रास्त भावावर व खुल्या बाजारपेठेवर होता. समतावादी पक्ष मात्र सवलतीला सामाजिक न्याय मानतात. मोफत विजेमुळे पाण्याचा उपसा वाढू शकतो, परंतु दोन्ही बाजूंनी भूजलाचा विचार कमीच झाला; वास्तविक बेसाल्ट खडकामुळे मर्यादित पाणीसाठा असलेल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.