मेढेकोट

वीस वर्षे मी वर्गात एक वाक्य सांगत आलो आहे : जंजिरा शेवटपर्यंत अजिंक्य राहिला. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यावर गुण मिळवतात. गेल्या नाताळात आमच्या चिंचवडच्या मुलांची सहल मुरुडला नेली आणि एका मुलीने ते वाक्य माझ्याकडून काढून घेतले.

मुरुडचा किनारा रम्य आहे. मागे माडा-पोफळींच्या वाड्या, समोर पाण्यात शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग. कारखान्याच्या पाळ्यांवर दिवस मोजणाऱ्या घरांतली ही पोरे. वाळू दिसताच चपला टाकून धावत सुटली. इतिहास दुसऱ्या दिवसावर गेला.

सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो आणि मी सुरुवात केली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जुन्नरचा मलिक अहमद याच दंडाराजपुरीला वेढा घालून बसला होता. 1486 मध्ये बापाच्या खुनाची बातमी आली, तो वेढा सोडून परतला आणि पुढे त्याने आपले चाकण घेतले. तिथला किल्लेदार झैनुद्दीन लढताना पडला. "आपले चाकण" म्हणताच कान टवकारले गेले. एरवी चाकणचे नाव निघाले की पोरांना 1660 चा फिरंगोजी नरसाळाच तेवढा ठाऊक!

त्या काळी बेटावर दगडी तट नव्हता. होता तो कोळ्यांचा मेढेकोट. मेढे म्हणजे लाकडाचे ओंडके. ते शेजारी शेजारी रोवून चाच्यांपासून बचावासाठी केलेले कुंपण. कोळ्यांचा नाईक राम पाटील निजामशाहीला जुमानीना. तेव्हा पिरमखान व्यापाऱ्याच्या सोंगाने आला, आसरा मागितला, दारू पाजली आणि सारे झिंगले असता बेट घेतले, अशी परंपरा आहे. आजचा तट त्यानंतरचा, 1567 ते 1571 मधला, बुऱ्हाणखानाने बांधलेला.

"म्हणजे सर, एकदा तरी तो जिंकलाच की कोणीतरी!"

"तो कोट वेगळा, हा वेगळा," मी म्हणालो. मास्तरकीला शोभेसे उत्तर. होडीवाला नुसता हसला.

महाद्वारापाशी पंजांत हत्ती धरलेला शरभ आहे. मुले तो पाहून कलालबांगडी तोफेकडे पळाली. मी तटाखाली खडकांवर फुटणारे पाणी पाहत राहिलो. 1676 च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत लाय पाटील कोळ्याने रात्री याच तटाला शिड्या लावल्या, असे सांगतात. मावळे वेळेवर पोचले नाहीत. तांबडे फुटू लागले, शिड्या काढाव्या लागल्या. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली, पण दर्यावर्दी माणूस पालखीत बसून जाणार कुठे? मग त्याला गलबत बांधून दिले, त्याचे नाव 'पालखी'.

सिद्दींचे शौर्य मी नाकारीत नाही. 1682 मध्ये संभाजीराजे समुद्रात भर घालून सेतू बांधू लागले, तरी ती माणसे डगमगली नाहीत. त्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले. पण मेढे रोवणारे कोळी आणि शिड्या लावणारेही कोळीच. माझ्या त्या एका वाक्यात या दोघांनाही जागा नव्हती. लाकूड कुजून गेले, म्हणून का ते धड्यातूनही जावे?

संध्याकाळी कोळीवाड्यात बोंबील वाळत होते. त्या मुलीने आईसाठी जुडीभर घेतले. परतीच्या वाटेवर सारी गाडी घमघमत होती.

सुट्टीनंतर तोच धडा आला. फळ्याच्या डाव्या कडेपाशी सवयीने 'जंजिरा' लिहिले, आणि त्याच्या आधी काही लिहायला जागाच उरली नाही. पुसले, आणि पुन्हा लिहायला घेतले.