किमची, नोरी आणि पांढरा भात

‘कोरियाचं हजारो वर्षांचं रहस्य! जेवणाआधी दोन चमचे किमची खा, शुगर वाढणारच नाही.’ असलं रील तुमच्याही फोनवर एकदा तरी येऊन गेलं असेल. त्याच्या मागोमाग नोरीची जाहिरात येते. नोरी म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात तो काळपट हिरवा, कागदासारखा पापुद्रा. ते समुद्रशेवाळ असतं.

माझं लक्ष ‘हजारो वर्षांचं’ या शब्दांवर अडकलं. आमच्या घरात भात म्हणजेच जेवण. बाबांना प्री-डायबेटिस निघाल्यापासून ताटातली भाताची मूद लहान होत चालली आहे आणि त्यावरून रोज कुरकुर होते. किमचीची बरणी आणली तर ती मूद पुन्हा मोठी करता येईल का, असा त्यांचा सरळ प्रश्न. उत्तर शोधायला मी आधी इतिहासात शिरले.

हिवाळ्याची बेगमी

कोरियातल्या हिवाळ्यात जमीन गोठते, हिरवी भाजी मिळेनाशी होते. म्हणून शरद ऋतूच्या अखेरीस शेजारपाजारचे लोक एकत्र जमून ढीगभर भाजी मिठात मुरवायचे आणि मातीच्या रांजणांत भरायचे. रांजण जमिनीत पुरले की किमची गोठतही नसे आणि भसकन आंबतही नसे. या सामूहिक कामाला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांचा घाट घातला जायचा, त्याचंच हे थंडीतलं भावंड.

भाजी आंबवण्याची रीत खरोखर जुनी आहे. पण रीलमध्ये दिसते ती लालभडक किमची तितकी जुनी नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियात पोचली. यी सु-ग्वांग या विद्वानाने १६१४ मध्ये लिहिलेल्या ज्ञानकोशवजा ग्रंथात तिचा उल्लेख आहे. त्याआधीची किमची बिनमिरचीची होती. म्हणजे त्यांच्या किमचीतली आणि आपल्या ठेच्यातली मिरची एकाच माहेरची.

रांजण भरणाऱ्या बायकांपुढे प्रश्न होता तो वसंत येईपर्यंत घरादाराला खायला काय घालायचं, हा. रक्तातली साखर त्यांच्या हिशेबात नव्हती.

नशिबाचं गवत

जपानमध्ये शेवाळ इतकं मोलाचं होतं की आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या ताइहो कायद्यात सरकारी कर म्हणून द्यायच्या वस्तूंत त्याचा समावेश होता. पुढे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, खाडीत फांद्या रोवून नोरीची शेती सुरू झाली. पण बी कुठून येतं ते कुणालाच माहीत नव्हतं. एखाद्या वर्षी भरपूर पीक, एखाद्या वर्षी काहीच नाही. म्हणून लोक नोरीला नशिबाचं गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ही शेती पार कोलमडली.

कोडं सुटलं इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर या मँचेस्टर विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. लग्न झालेल्या बाईला नोकरीत ठेवायचं नाही या नियमामुळे त्यांची पगारी जागा गेली, तरी बिनपगारी संशोधन त्यांनी सोडलं नाही. शिंपल्यांच्या कवचात राहणारं गुलाबीसर सूक्ष्म शेवाळ म्हणजे नोरीच्याच जातकुळीतल्या शेवाळाची बाल्यावस्था आहे, हे त्यांनी १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. जपानी संशोधकांनी त्यावरून शिंपल्यांवर नोरीचं बी तयार करण्याची पद्धत बसवली. ड्रू-बेकर १९५७ मध्ये वारल्या. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या. तरी १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे त्यांचं स्मारक उभं राहिलं आणि आजही दर १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढली जाते.

आज पाकिटातून मिळणारी स्वस्त, एकसारखी नोरी या शोधावर उभी आहे. तेव्हा ‘हजारो वर्षं घरोघरी रोज खाल्ली जाणारी नोरी’ हेही जरा बेतानेच घ्यायला हवं.

आरोपी : पांढरा भात

भाताने माणूस आजारी पडतो, हे जपानने मधुमेहाच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. एदो शहरात सडलेला पांढरा भात ही चैन होती. तो खाणाऱ्यांचे पाय सुजत, बधिर होत, हृदय कमजोर होई. हा बेरीबेरी. गावी परतलेला माणूस बरा होई, म्हणून लोक त्याला ‘एदोचा आजार’ म्हणत.

‘र्‍युजो’ हे नौदलाचं जहाज १८८३ मध्ये लांबच्या सफरीवरून परतलं तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले होते आणि २५ दगावले होते. नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी पुढच्याच वर्षी ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठवलं, फक्त आहार बदलून. आजार जवळपास नाहीसा झाला. प्रथिनं कमी पडतात हा ताकाकींचा तर्क चुकीचा होता. खरी उणीव कोंड्याबरोबर निघून जाणाऱ्या बी-१ जीवनसत्त्वाची होती. पण ताटात भाताशेजारी काय आहे हे पाहायला हवं, ही त्यांची दिशा बरोबर होती.

कोणत्या पदार्थाने साखर किती चढते हे मोजण्याची पट्टी मात्र खूप उशिरा आली. टोरांटोतल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला तो १९८१ मध्ये. किमची-नोरीकडे ‘शुगर’च्या चष्म्यातून पाहणं त्यानंतरचं आहे.

मग उपयोग होतो का?

थोडा होतो. आंबटपणामुळे, मग तो व्हिनेगरचा असो की आंबवण्यातून आलेल्या लॅक्टिक आम्लाचा, पिठूळ पदार्थांतली साखर रक्तात जरा सावकाश उतरते. भाजीतले आणि शेवाळातले तंतू त्याला हातभार लावतात.

कोरियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्री-डायबेटिस असलेल्या २१ जणांनी आठ आठवडे ताजी आणि आठ आठवडे दहा दिवस मुरलेली किमची खाल्ली. दोन्हींनी फरक पडला आणि ग्लुकोज पचवण्याच्या चाचणीत मुरलेलीचा निकाल सरस होता. पण माणसं फक्त २१, आणि किमची अजिबात न खाणारा गट तुलनेला नव्हता. एवढ्या आधारावर ‘शुगर वाढणारच नाही’ असं म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. किमचीत मीठ भरपूर असतं, आणि मधुमेहाबरोबर रक्तदाब असणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. कोंबू या जाड शेवाळात आयोडीन इतकं असतं की होक्काइदोच्या किनाऱ्यावर ते सतत खाणाऱ्यांत गलगंड आढळला होता. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेवाळाच्या वाटेला जाऊ नका. आणि मधुमेहाची गोळी बरणीच्या भरवशावर कधीच बंद करू नका.

शेवाळ सगळ्यांच्या पोटात सारखं वागतं असंही नाही. नोरीतली एक कर्बोदकं माणसाला स्वतःला पचवता येत नाहीत. ती फोडणारी जनुकं जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत सापडली, उत्तर अमेरिकी लोकांच्यात नाही, असं २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. ती समुद्रातल्या जिवाणूंकडून, बहुधा नोरीबरोबरच, पोटात आली असावीत. पाकीट आठवड्यात घरपोच येतं. असा शेजार जमायला पिढ्या जातात.

बाबांना मी सांगितलं, मूद लहानच राहणार. किमची आवडली तर तोंडी लावायला चमचाभर घ्या. पण आधी कोशिंबीर आणि भाजी संपवा, मग आमटी-भात. भाजी आधी आणि भात नंतर खाल्ला की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे जपानमधल्याच डॉक्टरांनी मधुमेहींवर तपासून पाहिलंय. त्यासाठी कुठलीही बरणी मागवावी लागत नाही, ताटातला क्रम बदलला की पुरतं.