उसना पडदा आणि घरचा पडदा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती देते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते, कोणी भोंडल्याच्या जुन्या आठवणी सांगते. यंदा चिटणीसबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "गेल्या वार्षिक सभेत जे झाले त्यावर तुम्हीच लिहा. त्या दिवशी तुम्ही जे सांगितलेत ते निम्म्या जणींना ऐकूच आले नाही," असे त्या म्हणाल्या. ऐकू कसे येणार? त्या वेळी सभागृहात जो गलबला चालला होता तो आपणां सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून तीच हकिगत, आणि तिच्यामागचा थोडा इतिहास, येथे सांगते.

सभेच्या आदल्या दिवशी मंडळाच्या संगणकाचा जुना मॉनिटर बंद पडला. सभागृहात देणगीदाखल आलेला ४३ इंची टी.व्ही. नवाकोरा टांगलेला होता. तेव्हा संगणकाची तार त्यालाच जोडावी आणि जमाखर्च सर्वांना मोठ्या अक्षरांत दाखवावा, म्हणजे कागद छापण्याचाही खर्च वाचेल, असे ठरले. पत्रक पडद्यावर आले. शेवटचे घर शिल्लक रकमेचे. पापड-मसाला विभागाची शिल्लक १८४५० रुपये असायला हवी होती. पडद्यावर दिसत होते १८४५! सगळ्याच विभागांची तीच गत. प्रथम कुजबुज झाली, मग मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सोळा हजार गेले कुठे?" अकरा वर्षे एका पैशाचीही तफावत न येऊ देणाऱ्या आपल्या खजिनदारबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कनवटीच्या किल्ल्या काढून अध्यक्षाबाईंच्या मेजावर ठेवल्या आणि त्या काही न बोलता खाली बसल्या.

रक्कम कुठे गेली होती हे सांगण्यापूर्वी मला जरा मागे जावे लागेल.

टी.व्ही. आणि मॉनिटर ही वस्तुतः एकाच आईची लेकरे. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राऊन यांनी जी ऋणकिरणांची नळी बनवली, तीच पुढे दोघांच्याही पोटात बसली. निर्वात काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा आणि समोरच्या लेप दिलेल्या काचेवर तो आदळला की तेथे उजेड पडायचा, हे तिचे तत्त्व. त्या झोताला वरपासून खालपर्यंत ओळी ओढायला लावल्या की चित्र उमटते. आपल्या देशात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हापासून एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे हा आपला हिशेब राहिला.

संगणकाला मात्र सुरुवातीला पडदा क्वचितच असे. त्याची उत्तरे बहुधा कागदावर छापून येत. घरातला टी.व्ही. त्याच्या कामी यावा ही कल्पना लोकांत पसरली ती १९७३ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात डॉन लँकेस्टर यांनी 'टी.व्ही. टाइपरायटर' नावाचे यंत्र घरी कसे बनवावे हे सांगितले. टंकलेखनाची बटणे दाबावीत आणि अक्षरे घरच्या टी.व्ही.वर उमटावीत. एका वेळी १६ ओळी, ओळीत ३२ अक्षरे. पुढे १९७६ साली स्टीव्ह वॉझनियॅक यांनी रचलेला 'ॲपल-१' आला. ६६६.६६ डॉलर मोजून हाती पडे ती नुसती यंत्राची पाटी. पेटी, बटणे आणि पडदा ज्याचा त्याने आणावा! अर्थात पडदा म्हणजे बहुतेकांच्या घरचा टी.व्ही.

१९७७ सालची गंमत पाहा. त्या एकाच वर्षी तीन नामांकित संगणक बाजारात आले आणि तिघांनी तीन मार्ग धरले. 'कमोडोर पेट'ने पडदा आपल्याच अंगात बसवून घेतला. 'ॲपल-२'ला टी.व्ही. जोडता येई, पण त्यासाठी लागणारी जोडपेटी निराळी विकत घ्यावी लागे. कारण रेडिओ-टी.व्ही.च्या लहरींत व्यत्यय येऊ नये म्हणून अमेरिकन सरकारचे नियम कडक होते. 'टीआरएस-८०'बरोबर जो मॉनिटर मिळे, तो म्हणजे चक्क एका अमेरिकन कंपनीचा काळा-पांढरा टी.व्ही., फक्त केंद्र लावण्याचा भाग काढून टाकलेला. म्हणजे जाऊबाई आणि नणंदबाई यांत जो फरक, तोच या दोघांत. घर एकच, दारे दोन.

तुम्ही म्हणाल, मग केंद्र लावण्याचा भाग राहिला तर बिघडले काय? एक उदाहरण देते. स्वयंपाकघरातून माजघरात निरोप द्यायचा आहे. हाक मारली की काम झाले. पण त्याऐवजी तो निरोप पाकिटात घातला, टपालात टाकला आणि पोस्टमनने तो माजघरात आणून दिला, तर? टी.व्ही.ला जोडलेल्या संगणकाचे तेच होई. त्याला आपले चित्र एखाद्या प्रक्षेपण केंद्रासारखे लहरींत गुंडाळावे लागे आणि टी.व्ही.ला ते पुन्हा उलगडावे लागे. या येरझाऱ्यांत अक्षरांच्या कडा विरघळत. शिवाय लहरींच्या वाटेची रुंदीही ठरलेली. ओळीत ३२ वा ४० अक्षरे त्या वाटेने सुखाने जात, ८० अक्षरे घातली की गर्दी होऊन सगळीच पुसट दिसत.

आणि दुसरी गोष्ट काठाची. जुन्या नळीच्या टी.व्ही.त विजेच्या दाबाप्रमाणे आणि यंत्राच्या वयाप्रमाणे चित्र किंचित आक्रसे वा फुगे. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून कारखानदार मुळातच चित्र चौकटीपेक्षा थोडे मोठे ठेवीत, आणि चारी बाजूंचा थोडा भाग चौकटीआड जाई. प्रक्षेपण करणाऱ्यांना हे माहीत असे, म्हणून नावे, अक्षरे ते मध्यभागी ठेवीत. संगणक रचणारेही शहाणे होते. एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' निघाला. त्याच्या लहान नगाची किंमत १२५ पौंड, आणि पडदा घरचा टी.व्ही. हा संगणक मजकुराभोवती चोहोकडून रुंद काठ सोडी. साडीचा काठ जमिनीला लागून मळला तरी अंगावरची वेलबुट्टी सुरक्षित, तसेच हे. भगिनींनो, हा काठ लक्षात ठेवा. आपली रक्कम तिथेच आहे.

याच स्पेक्ट्रमची पुढची आवृत्ती आपल्या पुण्यातील एका कंपनीने परवाना घेऊन विकली. माझ्या थोरल्या भावाने अशाच जातीचा एक संगणक मित्राकडून जुना घेतला, ते साल १९८७. आम्ही वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. सरकत्या लाकडी दारांचा काळा-पांढरा टी.व्ही. आईने हप्त्यांनी घेतलेला. रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा अर्धा वाडा आमच्या खोलीत. अशा घरात दादाचे यंत्र म्हणजे अवेळी आलेला पाहुणा! आईने निवाडा केला, "टी.व्ही. सगळ्यांचा आहे, यंत्र तुमचे आहे. सगळ्यांचे झाले की तुमचे." दादाला रात्री कार्यक्रम संपल्यावरची वेळ मिळाली. माझे नाव कोणी घेतलेच नव्हते. मीच दुपारी दोन ते चार, आई लवंडलेली असताना, आवाज बंद करून बसू लागले. फीत लावायची, पाच मिनिटे वाट पाहायची आणि मग त्या काठाच्या चौकटीत ३२ अक्षरांच्या ओळी लिहायच्या. दोन तासांत डोळ्यांतून पाणी येई. एकदा शेजारच्या काकू वाटी मागायला आल्या आणि म्हणाल्या, "अगो, टी.व्ही.वर मुंग्या दिसताहेत, दुरुस्तीला का देत नाहीस?" मी बेरजा शिकत होते, त्या त्यांना मुंग्या वाटल्या. पण त्या मुंग्यांनीच मला पुढे भाकरी दिली.

कचेऱ्यांचा मार्ग तोवर वेगळा झाला होता. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पीसी' काढला, तेव्हा गिऱ्हाइकापुढे दोन वाटा ठेवल्या. रंग हवे असतील तर एक पद्धत, आणि तिला जोडपेटी लावून टी.व्ही.ही चाले, पण ओळीत ४० अक्षरे घ्यावीत हे बरे. कामकाज हवे असेल तर हिरव्या अक्षरांचा खास मॉनिटर, ओळीत ८० अक्षरे, अशा २५ ओळी. ८० हा आकडा आला कुठून? आयबीएमच्याच १९२८ सालच्या भोकांच्या पत्त्यांवर ८० घरे असत, तिथून. हिशेबाच्या पत्रकाला रुंदी लागते, ती टी.व्ही.पाशी नव्हती.

१९९० साली एका पतपेढीत नोकरीच्या परीक्षेसाठी मला अशा हिरव्या मॉनिटरपुढे बसवले. खातेदाराचे नाव, जमा, नावे, शिल्लक, सारे एकाच ओळीत! आणि अक्षरे अशी की जणू सुईने टाके घातले आहेत. त्याहूनही मोठे नवल वेगळेच होते. या पडद्यावर बातम्या लागणार नव्हत्या. कोणी येऊन "ऊठ, आता आमची वेळ" म्हणणार नव्हते. तो पडदा फक्त कामाचा होता, आणि काम माझे होते. उसन्या पडद्यावर शिकणाऱ्याची वेळही उसनीच असते, हे मला त्या दिवशी उमगले.

पुढे १९८७च्या 'व्हीजीए' पद्धतीने दोन्ही घरांत भिंतच घातली. तिच्या मॉनिटरवर सेकंदाला साडेएकतीस हजार ओळी ओढल्या जात, टी.व्ही.चा वेग त्याच्या निम्माच. जोडायचे म्हटले तरी साधेपणी जोडता येईना. ही भिंत पडली ती सपाट पडदे आल्यावर. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय तारेचे नियम ठरले आणि चित्र लहरींत न गुंडाळता आकड्यांच्या रूपाने थेट जाऊ लागले. आज १९२० बाय १०८० ठिपक्यांचा टी.व्ही. आणि तितक्याच ठिपक्यांचा मॉनिटर यांत नात्याने काही अंतर नाही.

पण सवयी राहतात! सपाट पडद्याला काठ आक्रसण्याची भीती नाही, तरी पुष्कळ टी.व्ही. अजून जुन्या वळणाने चित्र किंचित फुगवून चारी कडांचे दोन-तीन टक्के कापतात. आणि आजचे संगणक मात्र स्पेक्ट्रमसारखा काठ सोडत नाहीत. ते कडेपर्यंत लिहितात. सभेच्या दिवशी शेवटच्या घरातील शेवटचा आकडा त्या चौकटीआड गेला होता. माझे लक्ष गेले ते पडद्याच्या तळाशी. संगणकाची घड्याळाची पट्टी अर्धी कापलेली दिसली, आणि १९८७ सालचा तो काठ डोळ्यांपुढे आला. टी.व्ही.च्या यादीत चित्राच्या आकाराचे कलम शोधून ते पूर्ण चित्रावर लावले. चित्र बोटभर आत सरकले आणि १८४५ च्या पुढे शून्य येऊन बसले. सभागृह एकदम शांत झाले. मागच्या रांगेतील भगिनी स्वतः पुढे आल्या, किल्ल्या उचलून त्यांनी खजिनदारबाईंच्या हाती दिल्या आणि म्हणाल्या, "माझे चुकले, बाई." खजिनदारबाई एवढेच बोलल्या, "पुढच्या वर्षीपासून कागदही छापा."

त्यानंतर प्रश्न आला की, टी.व्ही. आहेच तर मॉनिटरला पैसे कशाला? महिनाभर करून पाहिले. खजिनदारबाई हातभर अंतरावर ४३ इंची पडद्यापुढे बसत. मान इकडून तिकडे फिरे, डोळे चुरचुरत. कारण साधे आहे. तेवढेच ठिपके मोठ्या पडद्यावर पसरले की ते विरळ होतात. अशा टी.व्ही.वर एका इंचात सुमारे ५१ ठिपके, तर २४ इंची मॉनिटरवर सुमारे ९२. दुरून पाहायला पहिला उत्तम, जवळून वाचायला दुसरा. चौपट ठिपक्यांचा ४३ इंची टी.व्ही. घेतला तर इंचाला सुमारे १०२ पडतात आणि ही अडचण मिटते. मात्र त्यालाही मोठे मेज आणि अंतर हवे. शिवाय टी.व्ही. चित्र सुंदर करण्याच्या नादात रंगीत अक्षरांच्या कडा फिस्कटवतो, तो नाद यादीतून बंद करावा लागतो.

अखेर कार्यकारिणीने २४ इंची मॉनिटर घेतला. टी.व्ही. सभागृहात व्याख्यानांना आणि भजनाला राहिला. काही भगिनींना हा खर्च अजून अनाठायी वाटतो, हे मी जाणून आहे. त्यांना मी २०२० सालची आठवण देते. टाळेबंदीत शाळा घरात आल्या. आमच्या शेजारच्या मुलीच्या जुन्या संगणकाचा पडदा फुटलेला, म्हणून तो टी.व्ही.ला जोडलेला. आजोबांच्या बातम्यांची वेळ झाली की तिचा गणिताचा तास बुडे. आजोबांचा दोष नव्हता, टी.व्ही. सगळ्यांचा होता. दोन ते चारची माझी दुपार मला तिच्यात दिसली.

म्हणून सांगावेसे वाटते, घरात पडदा घ्यायचा असेल तर इंच मोजण्याआधी इतकेच विचारावे: याच्यापुढे कोण बसणार, किती जवळ बसणार, आणि तिला मध्येच कोणी उठवणार तर नाही ना? मंडळाचा नवा मॉनिटर दुपारी दोन ते चार रिकामा असतो. ज्या मुलींना, सुनांना शिकायचे असेल त्यांनी यावे. किल्ली खजिनदारबाईंकडे आहे, आणि ती योग्य हाती आहे.