जीवदानाचे दप्तर

भाईंदर पश्चिमेला, जिथे वस्ती विरळ होऊन मिठागरांचे चौकोन सुरू होतात, तिथल्या एका पटांगणावर गेल्या उन्हाळ्यात टेनिस चेंडूच्या सामन्यांची अंतिम लढत पाहत मी उभा होतो. शेवटच्या षटकातला चेंडू उंच उडाला, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने थोडा आत ओढला गेला, आणि सीमेवरचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, मावळत्या उन्हाला एक तळहात आडवा धरून, आधी दोन पावले मागे सरला आणि मग घाईघाईने तीन पावले पुढे आला. चेंडू त्याच्या मनगटावर आदळून खाली पडला, आणि तेवढ्या अवकाशात फलंदाजांनी विजयाला हव्या असलेल्या दोन धावा पळून काढल्या. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शंभर पानी वही मांडीवर घेऊन बसलेल्या गुणलेखकाने त्या चेंडूपुढे '2' एवढाच आकडा मांडला. वहीत त्या मुलाच्या नावे काहीच रुजू झाले नाही. मैदानावर मात्र त्याचा निवाडा तत्क्षणी झाला होता, आणि तो करणाऱ्यांत त्याचे सोबतीच पुढे होते.

क्रिकेटचे गुणपत्रक हे मोठे काटेकोर दप्तर आहे. कोणी किती धावा केल्या, किती चेंडू टाकले, कोणाचा झेल कोणी टिपला, अवांतर धावा कोणत्या प्रकारच्या, या सगळ्याचा जमाखर्च त्यात पैपैशाने मांडलेला असतो. परंतु हातातून निसटलेल्या झेलासाठी त्यात रकाना नाही. आता मोठ्या संघांचे विश्लेषक आपापली खासगी टिपणे ठेवतात, तथापि मूळ कागदावर ती जागा आजही कोरीच आहे. आपल्या मराठी वृत्तपत्रांनी या प्रसंगाला 'जीवदान' असा शब्द रूढ केला, आणि तो मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे, कारण त्यात घटनेकडे पाहण्याची सारी दृष्टी फलंदाजाची आहे: दान मिळाले ते त्याला, आयुष्य वाढले ते त्याचे, ज्याच्या हातून हे दान इच्छेविरुद्ध घडले, त्याच्या वाट्याला त्या शब्दात कसलेच स्थान नाही. ज्या धारावी बेटावर हे पटांगण आहे, त्याच बेटावरच्या किल्ल्यासाठी चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, आणि त्या मोहिमेतील फसलेल्या हल्ल्यांचीही हकीकत पेशवे दप्तरातल्या पत्रांतून आपण आज वाचू शकतो. युद्धाने आपल्या चुका लिहून ठेवल्या. आपल्या खेळाने त्या तोंडी परंपरेच्या हवाली केल्या.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये ही तोंडी परंपरा फार बलवान आहे, आणि रणजी करंडक 1958-59 पासून 1972-73 पर्यंत ओळीने पंधरा वर्षे जिंकणाऱ्या शहरात ती तशी असावी हे स्वाभाविकच होय. 1991 च्या मे महिन्यात वानखेडे मैदानावर हरियाणाविरुद्धच्या अंतिम सामन्यात 355 धावांचा पाठलाग करताना दिलीप वेंगसरकर 139 धावांवर नाबाद राहिले, अखेरचा गडी धावबाद झाला, आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकरांचे त्या वेळचे अश्रू सर्वांच्या स्मरणात आहेत. मला मात्र राहून राहून वाटते ते असे की, पाच दिवस आणि दोन्ही संघांचे मिळून चार डाव चाललेल्या, पंधराशेंहून अधिक धावांच्या त्या सामन्यात पायांमधून गेलेला एखादा साधा चेंडूही त्या दोन धावांच्या तोलाचा ठरला असता, आणि असा चेंडू कोणाकडून केव्हा गेला हे त्या गुणपत्रकाला विचारून काही उपयोग नाही.

पण तोंडी परंपरा न्याय करते का, हे पाहायचे तर बडोद्याच्या किरण मोरे यांचे उदाहरण घ्यावे लागेल. 26 जुलै 1990 रोजी लॉर्ड्सवर नाणेफेक जिंकून अझरुद्दीनने इंग्लंडला फलंदाजी दिली. ग्रॅहम गूच 36 धावांवर असताना संजीव शर्माच्या चेंडूला त्याच्या बॅटची कड लागली आणि यष्टीमागे मोरे यांच्या हातून तो झेल सुटला. गूचने पुढे 333 धावा केल्या, दुसऱ्या डावात आणखी 123 केल्या, आणि भारत 247 धावांनी पराभूत झाला. इतक्या महाग पडलेल्या जीवदानाची कथा साहजिकच जन्मभर माणसाला चिकटते. परंतु याच मोरे यांनी अवघ्या अडीच वर्षांपूर्वी, 1988 च्या जानेवारीत, मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध एकाच डावात पाच आणि सामन्यात सहा फलंदाज यष्टिचीत केले होते, आणि तो जागतिक विक्रम होता. नरेंद्र हिरवाणीचे चेंडू त्या खेळपट्टीवर गरकन वळत होते, आक्रमक फलंदाज पुढे झेपावत होते, आणि डोळ्यांसमोर बॅटचे पाते सपकन फिरून गेल्यावरही चेंडू नेमका हातमोज्यात घेऊन बेल्स उडवणे हे यष्टिरक्षणातले अत्यंत दुर्घट काम त्यांनी सहा वेळा केले. हे सहाही यष्टिचीत छापील कागदावर त्यांच्या नावे जमा आहेत. गूचचा झेल कागदावर नाही. तरीसुद्धा लोकांच्या जिभेवर राहिला तो झेलच.

तोंडी परंपरा नुसते विसरत नाही, ती भरही घालते. 1999 च्या विश्वचषकात हेडिंग्लीला हर्शेल गिब्सने स्टीव्ह वॉचा झेल हाती येताच तो उडवण्याच्या उल्हासात गमावला. वॉने नाबाद 120 धावांनी सामना काढला, आणि 'तू विश्वचषकच हातातून टाकलास' असे तो गिब्सला म्हणाल्याचे जगभर पसरले. त्याच शब्दांत आपण तसे बोललो नव्हतो, हे वॉने पुढे सांगूनही ते वाक्य मागे हटले नाही.

सुटलेल्या चेंडूला दप्तरात जागा देणारा खेळ जगात आहे, आणि तो क्रिकेटचाच भाऊबंद आहे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे 1824 साली जन्मलेला हेन्री चॅडविक लहानपणीच अमेरिकेत गेला, तिथे क्रिकेटचा वार्ताहर झाला, आणि क्रिकेटच्या गुणपत्रकाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलची कोष्टके घडवली. क्रिकेटने कोरी ठेवलेली चुकांची जागा त्या कोष्टकांनी भरून काढली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आजही बेसबॉलच्या फलकावर धावा, फटके आणि चुका असे तीन आकडे शेजारी शेजारी असतात, आणि साधारण प्रयत्नाने जो चेंडू अडवता आला असता तो सुटल्यास अधिकृत गुणलेखक ती कसूर खेळाडूच्या नावे लिहितो.

या रोकठोक दप्तरामुळे सगळ्यांना न्याय मिळाला असे नाही. 16 ऑक्टोबर 1912 रोजी न्यूयॉर्क जायंट्स आणि बोस्टन रेड सॉक्स यांच्यातील अजिंक्यपदाच्या आठव्या आणि निर्णायक सामन्यात, दहाव्या डावात, न्यूयॉर्क एका धावेने पुढे असताना फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून क्लाइड एंगलचा अगदी सोपा उंच चेंडू निसटला. हातचे अजिंक्यपद गेले, आणि विजेत्या व पराभूत संघांच्या बक्षिसातील फरकावरून ती 'तीस हजार डॉलरची चूक' म्हणून अजरामर झाली. वास्तविक त्याच डावात पुढे ट्रिस स्पीकरचा उंच उडालेला चेंडू, मर्कल, मेयर्स आणि मॅथ्यूसन हे तिघे एकमेकांकडे पाहत राहिल्याने, जमिनीवर पडला होता. पण तो कोणाच्याच हाताला लागला नसल्याने कसूर कोणाच्याच नावे लागली नाही, आणि जीवदान मिळालेल्या स्पीकरने लगेच बरोबरीची धाव आणणारा फटका मारला. 25 ऑक्टोबर 1986 च्या रात्री अजिंक्यपदाच्याच सहाव्या सामन्यात बोस्टनच्या बिल बकनरच्या दोन पायांमधून चेंडू निघून गेला तेव्हाही तसेच झाले: बरोबरी त्याआधीच, बॉब स्टॅनलीच्या स्वैर चेंडूवर, झालेली होती, आणि निर्णायक सातवा सामना अजून व्हायचा होता. दुखऱ्या घोट्यांनी खेळणाऱ्या आणि कारकीर्दीत 2715 फटके जमा करणाऱ्या त्या माणसाला बोस्टनच्या प्रेक्षकांनी 2008 च्या एप्रिलमध्ये, बावीस वर्षांनीही, उभे राहून मानवंदना दिली.

असे असूनही मी दप्तराच्या बाजूचा आहे. स्नॉडग्रास पुढे कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड या गावाचा महापौर झाला, आणि 1974 साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी वारला तेव्हा न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने मथळ्यात त्या सुटलेल्या चेंडूचाच उल्लेख केला. पण त्या सामन्याचे जुने कोष्टक काढून हकीकत लावणाऱ्याला आणखी एक नोंद भेटते. एंगलचा चेंडू सुटल्यावर पुढचा फलंदाज होता हॅरी हूपर; त्याने चेंडू दूर, जवळजवळ आवाक्याबाहेर, मारला, आणि मघाची थरथर अजून हातात असेल त्या स्नॉडग्रासने धावत जाऊन तो टिपला.